प्याद्याने वजीर का होऊ नये?

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये दिवाणी, फौजदारी, चेक बाऊन्स सगळे बाजूला पडले. घोडा अडीच घर चालतो एवढेच ज्यांना ठाऊक, असे ज्येष्ठ वकीलसुद्धा टायब्रेकवर अधिकारवाणीने बोलू लागले. समोर कोनेरू हम्पी, २००२ साली वयाच्या पंधराव्या वर्षीच ग्रँडमास्टर झालेली. इकडे दिव्या एकोणीस वर्षांची, ग्रँडमास्टर व्हायला लागणारा एकही नॉर्म जवळ नसलेली. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत, आणि दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. चषकासोबत ती थेट ग्रँडमास्टर झाली, देशातली अठ्ठ्याऐंशीवी. त्यापूर्वी २०१९ मध्ये रौनक साधवानी आणि २०२१ मध्ये संकल्प गुप्ता हे नागपूरचेच दोन मुलगे ग्रँडमास्टर झाले होते, पण त्यांच्या वेळी बाररूममध्ये एवढा गलबला झाल्याचे आम्हाला आठवत नाही.

आम्ही चहाचा कप घेऊन कोपऱ्यात उभे होतो. एका ज्युनियरने सहज विचारले, "सर, तुम्हाला येते का हो बुद्धिबळ?" आम्ही म्हटले, "येत होते." हे 'येत होते' दिवसभर डोक्यातून गेले नाही. रात्री घरी गेल्यावर स्टूल घेतला आणि कपाटावरचा पट खाली काढला. धूळ झटकली. एक पांढरा घोडा नव्हता, आणि काळा उंट मात्र एक जादा निघाला. तो कुठून आला देव जाणे! (ही बोलण्याची पद्धत झाली, आमचा देवाशी संबंध नाही.)

वाचकहो, या पटाची हकीकत सांगायची तर आमच्या आजोबांपासून सुरुवात करावी लागते.

आजोबा एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात होते. १८७७ साली टाटांनी सुरू केलेली ही मिल आता नाही, तिच्या जागेवर मॉल उभा आहे. पण उत्तर नागपुरातल्या कितीतरी घरांची चूल त्या मिलच्या भोंग्यावर पेटत असे. आमच्या छपरीत फरशीवर कोळशाने आखलेला पट होता. तो पुसला की पुन्हा आखायचा. मोहरे म्हणजे मिलमधून मोडीत निघालेल्या बॉबिनचे कापलेले तुकडे. उंच तुकडा राजा, त्याहून बुटका वजीर, खाच पाडलेला घोडा. संध्याकाळी पाळी सुटली की दोघे खेळायला बसत आणि सहा जण बोलायला. खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त कळते हा नियम त्या छपरीत फार कडक पाळला जाई. "काहून बे, घोडा हातात धरून काय इचार करून रायला? सोड न त्याले!" हे वाक्य आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो असू.

आजोबा जो खेळ खेळत तो देशी पद्धतीचा. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकायचे. आजची कॅसलिंग नव्हती. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. आणि प्यादे शेवटच्या रांगेत पोचले की ज्या घरी पोचले त्या घरच्या मोहऱ्याचे रूप घेई. हत्तीच्या घरी पोचले तर हत्ती, घोड्याच्या घरी पोचले तर घोडा. वजीर व्हायचे तर मधल्याच घरी पोचले पाहिजे. कडेच्या प्याद्याने कितीही पराक्रम करावा, त्याची मजल हत्तीपर्यंतच. आम्हाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. खेळ असाच असतो, असे आम्ही समजत होतो.

आठवीत असताना आंतरशालेय स्पर्धेत आमचे नाव गेले. पहिल्याच डावात समोरच्या मुलाने अगदी कडेचे प्यादे शेवटच्या घरात नेले, ते उचलले आणि तिथे वजीर ठेवला. आम्ही हात वर केला. "सर, हे हत्तीचं घर आहे. इथं हत्तीच होते." आजूबाजूची पोरे हसली. मागून कोणीतरी म्हणाले, "कुठल्या वस्तीतून आला बे हा?" पंच म्हणून बसलेले सर मात्र हसले नाहीत. त्यांनी नियमाची पुस्तिका उघडून आमच्यापुढे धरली. प्यादे शेवटच्या रांगेतल्या कोणत्याही घरी पोचो, ते वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी हवे ते होते. पहिला वजीर पटावर जिवंत असला तरी दुसरा होता येतो. तो डाव आम्ही पुढच्या पाचसहा चालींत हरलो. हरण्याचे दुःख नव्हते, हसण्याचे होते.

घरी येऊन रडतच आजोबांना सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोनत्याबी घरी पोचलं तरी वजीर होते?" आम्ही म्हटले, हो. "पुस्तकात लिवलं हाय?" हो. "मंग आजपासून आपणबी तसंच खेळू."

दुसऱ्या दिवशी छपरीत त्यांनी हा ठराव मांडला तेव्हा मोठेच महाभारत झाले. जुनी खोडे ऐकेनात. "बापजाद्यापासून चालत आलं, ते का चुकीचं हाय?" असा एकाचा सवाल. आजोबा पट आखता आखता थांबले आणि म्हणाले, "बापजाद्यापासून तर लय काही चालत आलं होतं. छप्पन साली मंग आपण काय केलं?" यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या छपरीतले बहुतेक जण दीक्षाभूमीवर हजर होते. त्या दिवसापासून आमच्या छपरीत कडेचे प्यादेही वजीर होऊ लागले. याचा अर्थ आम्ही उलगडून सांगत बसत नाही. चळवळीच्या वाचकाला तेवढे कळते. एवढेच सांगतो की, हा नवा नियमही आभाळातून पडला नव्हता. एका राजाला दोन वजीर कसे असू शकतात, यावर एकोणिसाव्या शतकात युरोपातही कडाक्याचे वाद झाले होते. नियम माणसेच करतात आणि माणसेच बदलतात.

पुढे बुद्धिबळाने आम्हाला पुरते झपाटले. १९९५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आनंद आणि कास्पारोव्ह यांची लढत झाली, तेव्हा आम्ही सोळा वर्षांचे होतो. पहिले आठही डाव बरोबरीत, नववा आनंदने मारला. त्या दिवशी आमच्या गल्लीत आम्ही एकट्याने साखर वाटली. कोणाला कारण कळले नाही, पण साखर सगळ्यांनी खाल्ली. दहाव्या डावात कास्पारोव्हने परतफेड केली आणि शेवटी आनंद हरला. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या चाली कापून आम्ही वहीत चिकटवत असू. ती वही कायद्याच्या पुस्तकांसोबत आजही आहे.

एलएलबीच्या पहिल्या वर्षात आम्हाला सुलतान खान सापडले. मीर सुलतान खान हे पंजाबातले, सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेले. लहानपणापासून ते देशी पद्धतीचाच खेळ खेळलेले. युरोपीय नियम शिकून त्यांना काही वर्षेच झाली होती आणि १९२९ साली मालकासोबत विलायतेला गेले ते थेट ब्रिटिश विजेते झाले! १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा तेच. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवले. मौज अशी की त्याच हिवाळ्यात बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. एकाच देशातून गेलेली दोन माणसे, एक परिषदेच्या मेजावर आणि एक पटावर, आपापली बाजू मांडत होती. १९३३ च्या अखेरीस मालक परत निघाले, सुलतान खानही परतले, आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय खेळ तिथेच थांबला. १९६६ मध्ये ते वारले. जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली. एवढा मोठा खेळाडू, पण कोणत्या गावी किती दिवस राहायचे आणि कधी परतायचे, हे त्याच्या हातात नव्हते. त्याच्या डावांपेक्षा हीच गोष्ट आमच्या मनात जास्त रुतून बसली.

असो. आमचा खेळ थांबला तो २००६ मध्ये. त्या वर्षीच्या सप्टेंबरात खैरलांजी घडले. पुढचे महिने सगळ्यांना माहीत आहेत. मोर्चे, लाठ्या, अटकेतली पोरे, जामिनाचे अर्ज. आम्ही नवे वकील होतो, रात्री अकराला पोलीस ठाण्यातून घरी यायचो. अशाच एका रात्री बैठकीआधी थोडा वेळ होता म्हणून एका मित्रासोबत डाव मांडला होता. चळवळीतले एक ज्येष्ठ आत आले, पटाकडे पाहिले आणि म्हणाले, "समाज जळून रायला आणि वकीलसाहेब बुद्धिबळ खेळतात!" आम्ही काही बोललो नाही. पट मिटला. त्या ज्येष्ठांबद्दल आमच्या मनात आजही आदर आहे आणि त्या रात्री ते चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण तो पट त्यानंतर उघडलाच नाही. एक प्रकरण संपले की दुसरे येई. खेळायला वेळ नव्हता हे खरेच, पण त्याहून खरे असे की खेळायची लाज वाटू लागली होती. कार्यकर्त्याने फुरसतीत असणे हाच जणू गुन्हा!

आता आम्ही वकील आहोत, तेव्हा कायद्याचे बोलू. संविधानाचे अनुच्छेद ४३ काय सांगते? कामगाराला निर्वाह वेतन आणि माणसासारखे जगणे तर मिळावेच, पण फुरसतीचा पुरेपूर उपभोग आणि सामाजिक, सांस्कृतिक संधीही मिळाव्यात यासाठी राज्याने झटावे, असे ते सांगते. 'फुरसत' हा शब्द संविधानात आहे, बंधूंनो! गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली, ती याच मुद्द्यावर. यंत्र माणसाचे कष्ट वाचवते, त्यातून फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते त्या काळातच, १९४६ साली, कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा झाला. आठवड्याला सहा तास. आजोबांच्या छपरीतला तो संध्याकाळचा डाव या सहा तासांतच मांडलेला होता, हे आम्हाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांच्यापेक्षा आमच्यामागे जास्त कामे आहेत काय?

एका धम्मबंधूने वेगळीच हरकत घेतली. भगवान बुद्धांनी तर असे खेळ वर्ज्य सांगितले आहेत ना? बरोबर आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात आठ आणि दहा घरांच्या पटावरच्या खेळांची नावे येतात. पण ते वेळ दवडणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांविषयी आणि भिक्खूच्या आचाराविषयी आहे. आम्ही गृहस्थ आहोत, हे आमच्या सौभाग्यवतींना विचारून खात्री करून घ्यावी, असे आम्ही त्यांना सांगितले.

तर पट खाली आला. महिनाभर मुलासोबत खेळलो आणि मग नागपुरातल्याच एका खुल्या स्पर्धेत नाव दिले. तिथला पहिला नियम ऐकूनच घाम फुटला. मोबाइल आत न्यायचा नाही. खिशात वाजला तर डाव गेला. ज्या माणसाचा फोन वीस वर्षांत जेवतानाही बंद झाला नाही, त्याने तो बाहेर ठेवायचा. पहिला अर्धा तास आम्ही पटाकडे कमी आणि दाराकडे जास्त पाहत होतो. कोणाला तरी अटक झाली असेल, कोणीतरी शोधत असेल. मग केव्हातरी ते विसरलो. किती वर्षांनी विसरलो ते सांगता येणार नाही.

समोर साधारण नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. खुर्चीवर गुडघे टेकून बसली, तेव्हा कुठे तिला पलीकडची रांग दिसली. (१९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा हरकती घेणारे निघाले होते आणि प्रकरण जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेले. स्त्रियांना रोखता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. त्यांनी तसा दिला नसता तर आमची त्या दिवशीची फजिती टळली असती.) डाव मात्र चांगला झाला. मध्यापर्यंत आम्ही वरचढ होतो. आमचे कडेचे प्यादे मोकळे सुटले होते, हत्तीच्या रांगेतले. सातव्या घरापर्यंत गेले. पण आम्ही आमचा हत्ती त्याच्या पुढे नेऊन ठेवला आणि तो तिथेच अडकून पडला. तिने आपला हत्ती मागून आणला. घड्याळात आमची दोन मिनिटे उरली होती. राजाकडची प्यादी पडायला आली, ती वाचवायला आम्ही हत्ती हलवला, आणि ते प्यादे वजिरापासून एका घरावर असताना गेले. पुढे फार काही उरले नव्हते. आम्ही हात पुढे केला.

तिने सही केली आणि म्हणाली, "काका, हत्ती प्याद्याच्या मागे ठेवायचा असतो. पुढे नाही." मग मोहरे पुन्हा मांडून तिने आम्हाला समजावून सांगितले. तारॅश नावाच्या जर्मन डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी हा धडा लिहून ठेवला आहे. आम्हालाही तो एकेकाळी पाठ होता. शेवटी नऊ डावांत आमचे अडीच गुण झाले. घरी जाताना स्कूटरवर आम्ही गाणे म्हणत होतो, असे मागे बसलेला मुलगा म्हणतो. आम्हाला आठवत नाही.

त्या सभागृहात एक गोष्ट डोळ्यांत भरली, ती सांगितली पाहिजे. मुलांसोबत आलेले आईबाप दिवसभर बाहेर बसून होते, डबा, पाण्याची बाटली घेऊन. ज्यांना रविवारीच नव्हे तर सोमवारीही रजा टाकता येते असे आईबाप. आमच्या वस्तीतल्या मुलाचा बाप रविवारी ऑटो चालवतो, आई चार घरी कामाला असते. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. त्यांनी मुलीसाठी जे केले ते कौतुकाचेच आहे. तिचे सुरुवातीचे प्रशिक्षक राहुल जोशी २०२० मध्ये वारले, हे यश पाहायला ते राहिले नाहीत याची हळहळ आम्हालाही वाटते. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई ऑगस्टमध्ये तिच्या घरी जाऊन कौतुक करून आले, राज्य सरकारने तीन कोटींचे बक्षीस दिले, आम्हाला आनंदच झाला. पण पट स्वस्त आहे आणि घड्याळ महाग, पुस्तक मिळते आणि शिकवणारा मिळत नाही, स्पर्धा पुण्या-मुंबईला आणि तिकिटाचे पैसे घरात नाहीत, हा हिशेब आमच्या मुलांसाठी कोण मांडणार? पटावरचा नियम सगळ्यांना सारखा आहे. पटापर्यंत पोचायचा नियम अजून जुनाच, ज्याचे घर त्याचे रूप, असा आहे.

म्हणून आम्ही सध्या एवढेच केले आहे. वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत रविवारी दुपारी चार ते सहा पट मांडतो. पहिल्या रविवारी तीन मुले आली, आता चौदा येतात, त्यांत पाच मुली. ज्या ज्येष्ठांनी त्या रात्री आम्हाला फटकारले होते तेही एकदा येऊन उभे राहिले, बराच वेळ पाहत होते, आणि एका पोराला म्हणाले, "घोडा सोड न बे, किती इचार करतं!" आम्ही काही बोललो नाही.

पट सध्या सहा आहेत, घड्याळ एकच. कोणाच्या घरी माळ्यावर जुना पट पडला असेल तर आणून द्यावा. मोहरे कमी असले तरी चालतील. पांढरा घोडा आम्हाला हवाच आहे, आणि काळा उंट एक जादा आहे.